भिंतीवरचे ठिपके आणि हरवलेला फेज (लेझर, रुमाल आणि थोडं गणित)

ताणाबाणा (धागाकर्ता)

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. इकडं रात्री मागांची खटखट थांबली की माणसं दचकून जागी होतात. अण्णांनी उभी हयात यंत्रमागावर काढली. आता माग विकले, पण पिक ग्लास अजून शर्टाच्या खिशात असतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कापडावर ठेवून इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं घडीचं भिंग. लग्नात आहेराचं कापड हातात आलं तरी अण्णा आधी भिंग काढतात, मग आशीर्वाद देतात.

मागच्या महिन्यात रात्री लाईट गेले होते. मी पोराचा लाल लेझर अण्णांच्या पांढऱ्या सुती रुमालातून समोरच्या भिंतीवर मारला. एका ठिपक्याच्या जागी ठिपक्यांची फुली उमटली, आडवी रांग आणि उभी रांग. भिंत चार मीटरवर. आडव्या रांगेत मधल्या ठिपक्याच्या डावीकडच्या पाचव्यापासून उजवीकडच्या पाचव्यापर्यंत पट्टीनं मोजलं तर ९८ मिलिमीटर, म्हणजे दोन ठिपक्यांत ९.८. लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले ठिपक्यांतलं अंतर: दोन धाग्यांमध्ये ०.२६५ मिलिमीटर, इंचात साधारण ९६ धागे. अण्णांनी मेणबत्ती जवळ ओढून पिक ग्लास लावला. शहाण्णव! म्हणाले, "आयला, भिंतीवरून रीड-पिक निघतंय की." (रीड-पिक म्हणजे इंचातले उभे-आडवे धागे.)

मग त्यांनी रुमाल धरून हळूच बाजूला सरकवला. भिंतीवरचा एक ठिपका हलला नाही. परत सरकवला, तेच. "कापड सरकलं तर ठिपके का सरकत नाहीत? मग हे ठिपके कशाचे म्हणायचे?"

हा धागा त्या प्रश्नापायी काढलाय.

प्रकाश ही लाट आहे. बारीक जाळीतून जाताना ती अनेक दिशांना फाकते, त्याला विवर्तन म्हणतात. दूरच्या भिंतीवर जे पडतं ते गणिताच्या भाषेत त्या जाळीचं फूरिये रूपांतर. म्हणजे मूळ नक्षी ही बारीक-जाड लाटांची बेरीज समजायची आणि भिंतीवरच्या प्रत्येक जागी त्यातली एकेक लाट वेगळी काढून ठेवली आहे असं समजायचं. प्रत्येक लाटेच्या दोन गोष्टी असतात. ती किती उंच आहे, आणि तिचा माथा कुठून सुरू होतो. या दुसऱ्या गोष्टीला फेज म्हणतात, पाठ्यपुस्तकात 'कला'. डोळा, कॅमेरा, एक्स-रेची फिल्म यांना कळते फक्त तीव्रता, म्हणजे उंचीचा वर्ग. लाल प्रकाश सेकंदाला सुमारे ४६० लाख कोटी वेळा हेलकावे घेतो, त्याचा माथा कधी आला हे कुठला कॅमेरा टिपणार? कापड सरकवलं की बदलतो तो फेज. उंची तशीच राहते, म्हणून ठिपके जागचे हलत नाहीत.

आता कुणी म्हणेल, गेला फेज तर जाऊ दे. तर हे करून बघा. दोन फोटो घ्या, एक सिद्धेश्वर मंदिराचा, एक चादरीचा. दोघांचं फूरिये रूपांतर करा, उंच्या चादरीच्या ठेवा, फेज मंदिराचा घाला आणि उलट रूपांतर करा. कळकट दिसेल, पण मंदिरच दिसेल! नक्षीतलं काय कुठं आहे ते बहुतेक फेजमध्ये असतं, आणि नेमकं तेच मोजता येत नाही. स्फटिकशास्त्रात याला फेज प्रॉब्लेम म्हणतात. १९१२ साली लाउएंच्या सांगण्यावरून स्फटिकातून एक्स-रे पाठवले गेले तेव्हापासून हे दुखणं मागं लागलेलं आहे.

कुणाला रस असेल तर पुढचं लिहितो. (लेझर कुणाच्या डोळ्यात जाऊ देऊ नका. पोरांच्या हातात तर नकोच.)

कडक_भाकरी

धाग्याचं नाव बघून टॉवेलच्या भावाचं काहीतरी असेल म्हणून आलो बे. इथं फूरिये निघाला. बसतो आता, शेंगाचटणी घेऊन.

सात_रस्ता

वाचतेय. मंदिर-चादरवालं पटेना म्हणून करून बघितलं. खरंच मंदिर दिसतं. अंगावर काटा आला.

जुना_मास्तर

ताणाबाणा, छान लिहिलंत. मी अकरावी-बारावीला बरीच वर्षं गणित शिकवलं. माझी शंका साधी आहे. अर्धी माहिती गेली तर उत्तर एकच कसं येणार? समीकरणं कमी, अज्ञातं जास्त. मग हे लोक चित्र काढतात ते काढतात की कल्पनेनं रंगवतात?

ताणाबाणा

सर, नेमकं तिथंच बोट ठेवलंत. एका रेषेतल्या चित्राला तुमची शंका शंभर टक्के लागू आहे. कागद-पेन्सिल घ्या.

एका ओळीत तीन चौकटी, त्यांची उजळ किंमत १, ५, ६. दुसऱ्या ओळीत २, ७, ३. दिसायला काही संबंध नाही. आता दोघांच्या वर्गांची बेरीज करा: १ + २५ + ३६ = ६२ आणि ४ + ४९ + ९ = ६२. शेजारच्यांचे गुणाकार: ५ + ३० = ३५ आणि १४ + २१ = ३५. टोकांचा गुणाकार: ६ आणि ६. भिंतीवरची तीव्रता या तीन आकड्यांवरूनच ठरते. म्हणजे या दोन वेगळ्या पट्ट्यांची विवर्तन-नक्षी हुबेहूब एक. कितीही महागडा कॅमेरा आणा, फरक सापडणार नाही.

कारण तुमच्या विषयातलं आहे. १, ५, ६ ही बहुपदी धरली तर तिचे अवयव (१ + २य) आणि (१ + ३य). त्यातला पहिला उलटा केला, (२ + य), की गुणाकार २, ७, ३. प्रत्येक अवयव असा उलटवता येतो आणि भिंतीला पत्ता लागत नाही. एका चलाच्या बहुपदीचे असे अवयव नेहमीच पडतात, म्हणून चौकटी वाढल्या की खोटी उत्तरं दुपटीदुपटीनं वाढतात.

पण चित्र दोन मितींचं असलं की बहुपदी दोन चलांची होते, आणि दोन चलांच्या बहुपदीचे सहसा अवयवच पडत नाहीत! उलटवायला सुटा तुकडाच हाताला लागत नाही. ब्रुक आणि सोदिन यांनी १९७९ मध्ये हे दाखवलं. म्हणजे लांब दोऱ्याचा प्रश्न सुटत नाही, कापडाचा सुटतो. मला तर हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

जुना_मास्तर

पडताळून पाहिलं. ६२, ३५, ६. इतकी वर्षं अवयव पाडायला शिकवले, ते न पडण्याचा फायदा आज कळला.

कडक_भाकरी

मास्तर, तुमच्या पेपरात माझे अवयव कधीच पडले नाहीत. मी काळाच्या पुढं होतो बे.

रेघोट्या

मी या विषयाच्या आसपास संशोधन करते (मूळची सोलापूरची, होटगी रोड), म्हणून दोन गोष्टी जोडते.

फेज गेला म्हणजे सगळी जागेची माहिती गेली असं धागाकर्त्यांच्या पहिल्या पोस्टवरून वाटेल, ते तेवढं खरं नाही. नुसत्या तीव्रतेचं उलट रूपांतर केलं की वस्तूतल्या प्रत्येक दोन बिंदूंमधलं अंतर आणि दिशा मिळते. पॅटरसन यांनी १९३४ मध्ये स्फटिकांसाठी हेच मांडलं. सहा बिंदू असतील तर तीस बाण मिळतात. कुठला बाण कुठल्या जोडीचा ते मात्र लिहिलेलं नसतं. लग्नात सगळ्या पाहुण्यांची आपापसातली नाती कळावीत पण नावं कुणाचीच कळू नयेत, तसं. सहाचं जमेल, सहा हजार अणूंचं प्रथिन असलं की डोकं धरून बसायचं. पेरुट्झ यांनी १९५३ मध्ये हिमोग्लोबिनमध्ये पाऱ्याचे जड अणू चिकटवले आणि नक्षीत काय फरक पडतो त्यावरून फेज काढला. लहान रेणूंसाठी हाउप्टमन आणि कार्ल यांनी संभाव्यतेवरून फेजचा अंदाज बांधायची रीत काढली, तिला १९८५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मास्तरांना आनंद होईल, हाउप्टमन गणिती होते.

दुसरी गोष्ट समीकरणांची. स्फटिकात एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, चादरीवरच्या बुट्ट्यांसारखी, त्यामुळं विवर्तन फक्त ठरावीक ठिपक्यांवर मिळतं आणि मधली जागा काळी. वस्तू एकटीच असेल तर नक्षी सलग पसरते आणि ठिपक्यांच्या मधलंही मोजता येतं. सेयर यांनी १९५२ मध्ये एका अगदी छोट्या लेखात म्हटलं होतं की या मधल्या जागा मोजल्या तर फेजची सोय होऊ शकेल. सत्तेचाळीस वर्षांनी, १९९९ मध्ये, म्याओ आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या बारीक ठिपक्यांनी काढलेली अक्षरं एक्स-रेच्या नक्षीवरून परत मिळवली. लेखकांत सेयर स्वतः होते.

ताणाबाणा

धन्यवाद रेघोट्या, पाहुण्यांचं उदाहरण ढापणार आहे.

आता पद्धत. वस्तू एकटी आहे, तिच्या भोवती काही नाही, हे आपल्याला माहीत असतं. हे 'काही नाही' फार कामाचं आहे. चित्राच्या चौकटीत चहूबाजूंनी रिकामी जागा ठेवली तर तिथलं उत्तर आधीच ठाऊक: शून्य. दोन्ही दिशांना वस्तूच्या दुप्पट चौकट घेतली की समीकरणं अज्ञातांना पुरून उरतात.

मग धोटा मारायला लागायचं, मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेतात तसं. फेज वाटेल तो घाला, अगदी फासे टाकून. उलट रूपांतर करा, कचरा मिळेल. त्या कचऱ्यातला वस्तूच्या हद्दीबाहेरचा भाग पुसून शून्य करा. परत भिंतीकडे जा. आलेला फेज ठेवा, उंची मात्र मोजलेली घाला. परत इकडं, परत पुसा. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. गेर्चबर्ग आणि सॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये अशा ये-जा करण्याची रीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी मांडली, त्यांच्याकडं दोन्ही बाजूंच्या तीव्रता मोजलेल्या होत्या. फीनप यांनी १९७८ मध्ये दाखवलं की एका बाजूची तीव्रता आणि वस्तूची हद्द एवढ्यावर भागतं.

नुसतं पुसत राहिलं तर चूक कधी वाढत नाही, पण एका जागी अडकून बसते. फीनप यांची युक्ती अशी की हद्दीबाहेर जे उगवलं ते शून्य करायचं नाही. आधीच्या फेरीत तिथं जे होतं, त्यातून या फेरीत उगवलेल्याचा काही हिस्सा वजा करायचा, ०.९ पट वगैरे. म्हणजे चुकीला नुसतं दाबायचं नाही, उलटा धक्का द्यायचा. ताणा एका बाजूला ओढला जात असेल तर अण्णा तो नुसता सरळ करून सोडत नसत, थोडा विरुद्ध बाजूला ओढत. सांगितल्यावर म्हणाले, "यात नवीन काय?"

जुना_मास्तर

पण अडकते का? दोन अटींवर आळीपाळीनं लंब टाकत गेलं तर छेदबिंदूकडे पोचायला हवं.

रेघोट्या

दोन्ही संच बहिर्वक्र असते, म्हणजे आतल्या कुठल्याही दोन बिंदूंमधली रेघ आतच राहिली असती, तर पोचलो असतो, सर. 'हद्दीबाहेर शून्य' ही अट सपाट आहे, तिचा त्रास नाही. 'उंची एवढीच' ही अट प्रत्येक लाटेसाठी एक वर्तुळ आहे, नुसता परीघ, आतलं पोट नाही. परिघावरच्या दोन बिंदूंची सरासरी परिघावर राहत नाही, म्हणून बहिर्वक्र संचांची हमी इथं मिळत नाही. मध्येच अशा खाचा असतात जिथं दोन संच जवळ येतात पण भेटत नाहीत, साधी पद्धत तिथं रुतते. २००२ मध्ये बाउश्के, कोम्बेट आणि ल्यूक यांनी दाखवलं की फीनप यांची रीत ही डग्लस-रॅकफर्ड नावाच्या जुन्या पद्धतीचं भावंड आहे. तोवर लोक 'चालते म्हणून चालवतो' याच हिशेबानं वापरत होते. अजूनही बहिर्वक्र नसलेल्या संचांसाठी 'ती नेहमी पोचेलच' अशी हमी नाही. तरी चालते.

कडक_भाकरी

म्हणजे आपल्या सिटी बससारखं.

पेठेतला

हे प्रकरण आपल्या जी. एन. रामचंद्रन यांनी सोडवलं होतं ना? सीटी स्कॅनवालं?

ताणाबाणा

इथं दोन गोष्टी मिसळतायत. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांचं १९७१ चं काम अनेक बाजूंनी घेतलेल्या सावल्यांवरून आतलं चित्र काढायचं आहे. सीटी स्कॅनमध्ये एक्स-रे किती शोषला गेला ते मोजतात, तिथं फेज हरवायचा प्रश्न नसतो, गणित सरळ उलटवता येतं. विवर्तनात ते होत नाही. रामचंद्रन यांनी स्फटिकातल्या फेजवरही काम केलं आहे, पण ते वेगळं.

सात_रस्ता

ताणाबाणा, तुम्ही स्वतः करून बघितलंत का, की पुस्तकातलं सांगताय? (रागावू नका.)

ताणाबाणा

रागावतो कशाला. केलं, आणि चांगलाच तोंडावर आपटलो.

कॉम्प्युटरवर 'अ' काढून केलेलं पहिल्या दिवशीच जमलं. खऱ्या प्रकाशानं करायचं म्हणून जेवणाच्या डब्याला लावतात ती चांदी घेतली, सर्वांत बारीक सुईनं जेमतेम ०.६ मिलिमीटरच्या जागेत सहा भोकं पाडली आणि त्यातून लेझर चार मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर पाडला. पट्टे आले, इतके सुंदर की बायको पोरांना घेऊन बघायला आली. मोबाइलनं फोटो काढला, प्रोग्राम लावला. मे महिना, वर पत्रा, लॅपटॉपचा पंखा मागासारखा ओरडायला लागला. सकाळी बघतो तर चित्राच्या जागी नुसती राख.

आधी कळलं की मोबाइलचा साधा फोटो तीव्रता जशीच्या तशी ठेवत नाही, डोळ्याला बरं दिसावं म्हणून अंधार उजळतो आणि उजेड दाबतो. प्रोग्रामला मात्र खरे आकडे लागतात. कच्ची फाईल काढून घेतल्यावर थोडा जीव आला. पण मधला ठिपका एवढा प्रखर की तिथं कॅमेरा आंधळा होतो, आणि कडेचं दिसावं म्हणून उघडा ठेवला तर आणखी आंधळा. शेवटी एक हजारांश सेकंदापासून एक सेकंदापर्यंत बरेच फोटो काढून जोडले.

एवढं करून चित्र आलं त्यात सहाच्या जागी बारा भोकं! सहा खरी आणि सहा त्यांची भुतं. रात्रभर फेऱ्या वाढवल्या, बाराची तेरा होईनात की अकरा.

सात_रस्ता

भुतं म्हणजे तळ्यातल्या मंदिराच्या प्रतिबिंबासारखी?

ताणाबाणा

जवळपास, पण नाही. तळ्यातलं प्रतिबिंब आरशासारखं, फक्त वरखाली उलटतं. इथलं भूत अर्धा फेरा फिरवलेलं असतं, वरखालीही आणि डावंउजवंही. वस्तू आणि तिची अर्धा फेरा फिरवलेली जुळी बहीण, दोघींची विवर्तन-नक्षी तंतोतंत एकच. कुणी एक आली तरी चालतं, दोन मितींत ही एवढी सूट राहतेच. पण माझी हद्द होती चौकोन, आणि चौकोन अर्धा फेरा फिरवला तरी तोच चौकोन. प्रोग्रामला दोघी सारख्याच पसंत. निम्मी ही, निम्मी ती धरून बसला.

मग भोकांच्या भोवती बेताचा बसेल असा त्रिकोण काढला. त्रिकोण फिरवला की टोक खाली जातं, भुतांना आत जागाच उरत नाही. चाळीसेक फेऱ्यांतच सहा भोकं उभी राहिली. त्यातलं एक लांबट, पेरूच्या बीसारखं. प्रोग्रामची चूक म्हणून मी सोडून दिलं होतं. अण्णांनी चांदीवर पिक ग्लास ठेवला आणि म्हणाले, "सहावं लांबटच आहे. सुई सरकली होती तुझी."

रेघोट्या

वा! अजून एक: हद्द आधी माहीत नसेल तर ती चित्रावरूनच हळूहळू आवळत नेता येते. मार्केसिनी आणि सहकाऱ्यांची २००३ ची पद्धत तीच आहे.

आणि हद्दच नसेल, लांबच लांब कापड असेल, तर प्रकाशाचा छोटा गोल थोडा थोडा सरकवत प्रत्येक जागी नक्षी घ्यायची. शेजारचे गोल साधारण ६०-७० टक्के एकमेकांवर चढलेले ठेवायचे. सामाईक भागात दोन्हींचं उत्तर एक यायला हवं, या एका अटीवर फेज जागेवर येतो. याला टायकोग्राफी म्हणतात. कल्पना होप यांची, १९६९ ची. रोडेनबर्ग आणि फॉकनर यांनी २००४ मध्ये तिला फेऱ्यांची सुटसुटीत रीत दिली. ज्या ग्रीक शब्दावरून नाव आलंय त्याचा अर्थ 'घडी'.

कडक_भाकरी

घडी आमचीच निघाली शेवटी.

नवीपेठ_आयडी

एवढ्या उठाठेवी कशाला? आता एआयला नक्षी दाखवली की चित्र काढून देतं. फेज वगैरे जुनं झालं.

रेघोट्या

देतं, आणि दिसतंही छान. पण लाख मांजरं बघून शिकलेल्या एआयच्या जाळ्याला (न्यूरल नेटवर्कला) अस्पष्ट नक्षी दिली तर ते मांजर काढून देण्याची शक्यता असते. प्रथिनात नसलेला अणू दिसला तर त्यावरून औषध बनवायला जाणाऱ्याचं काय? म्हणून आलेलं चित्र परत भिंतीवर टाकून मोजलेल्या नक्षीशी ताडून बघतात. आम्ही पहिला अंदाज म्हणून अशी जाळी वापरतो, शेवटचा शब्द म्हणून नाही.

ताणाबाणा

सहमत. माझ्या लांबट भोकाचं त्यानं गोल करून टाकलं असतं, आणि सुई सरकल्याचं कधी कळलंच नसतं.

पेठेतला

स्फटिकं सोडून याचा उपयोग?

ताणाबाणा

हबल दुर्बीण. १९९० मध्ये वर गेली आणि फोटो धूसर यायला लागले. आरसा अवकाशात, काढून तपासणार कसा? ताऱ्यांच्या धूसर फोटोंवरून फेज काढला आणि आरशात नेमकी किती चूक आहे ते ठरवायला त्याची मदत झाली. कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट घासला गेला होता. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती बसवली. त्या हिशेबात फीनपही होते.

कडक_भाकरी

चेष्टा बास. मीही काल केलं. तुमच्या वहिनीचा एक केस लेझरपुढं ताणून धरला, भिंत तीन मीटर. मधल्या उजळ पट्ट्याची रुंदी, एका काळ्यापासून दुसऱ्या काळ्यापर्यंत, ५६ मिमी. केस किती जाड?

जुना_मास्तर

दुप्पट तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले ५६. म्हणजे ०.०७ मिमी. मध्यभाग सोडला तर केस आणि तेवढीच फट यांची नक्षी सारखीच येते, म्हणून फटीचं सूत्र चालतं. बाबिने यांचं तत्त्व.

ताणाबाणा

सर, म्हणजे जेकॉर्ड चादरीची उलटी बाजू. रंगांची अदलाबदल, नक्षी तीच.

रविवारी संध्याकाळी अंधार पडल्यावर आमच्या गच्चीवर जमायचं का? अण्णांनी पिक ग्लास पुसून ठेवलाय. आपापलं कापड आणा. पातळ सुती, छत्रीचं, जुनं धोतर, काहीही.

कडक_भाकरी

चादर आणू?

ताणाबाणा

लेझर आरपार जाणार नाही. बसायला आण.